न निवडलेला तांदूळ

आई, काल काळेवाडीच्या शाळेत गेले होते, जिथे तू पोरांची खिचडी शिजवायचीस. तुझ्या हाताखाली शिकलेली मावशी आता तिथली मुख्य स्वयंपाकीण आहे. तुझ्यासारखीच परात मांडीवर घेऊन बसते. मी काय काम करते ते तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. चाकणच्या कारखान्यात आम्ही तांदळाच्या पिठात जस्त, लोह आणि जीवनसत्त्वं मळतो आणि साच्यातून पुन्हा तांदळासारखे दाणे पाडतो. ते साध्या तांदळात थोडे थोडे मिसळायचे. तुला जस्त म्हणजे पत्र्यावरचा मुलामा एवढंच माहीत. तेच, पण खाण्याजोगं. अन्नात ते कमी पडलं की मूल खुरटतं, जुलाब लवकर थांबत नाहीत.

हे दाणे जरा पिवळट दिसतात. मावशी ते प्लॅस्टिकचे समजून एकूण एक वेचून काढते आणि कोंबड्यांना घालते. कोंबड्या चांगल्या तुकतुकीत आहेत. पोरं मात्र पाचवीत असून तिसरीतली वाटतात, आणि ज्यांच्यासाठी आम्ही राबतो त्यांच्या ताटात त्यातलं काहीच पडत नाही. मावशीवर मला रागावता आलं नाही. हे निवडणं तुझंच. मी लहान आहे, तुझ्याशेजारी बसून तांदूळ निवडते आहे, लक्ष बाहेरच्या खेळात. एक खडा राहतो. तू सगळी परात पुन्हा माझ्यापुढे सरकवतेस आणि म्हणतेस, "दुसऱ्याच्या लेकराच्या दाताखाली खडा आला, तर त्याच्या आईला तू सांगायला जाणार का?" मग दिवसभर अबोला. मला तेव्हा तुझा फार राग आला होता.

काल ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही, गेल्यागेल्या मुद्द्यावर आले. ते दाणे मावशीसमोर उकळले, बोटाने चिरडून दाखवले, दोन खाल्लेसुद्धा. ती म्हणाली, तू कारखान्याची, तू खाणारच. मग हात थांबवून तिने विचारलं, "तुझी आई असती, तर तिनं हे पोरांना घातलं असतं का? खरं सांग."

"घातलं असतं, मावशी."

तिने वेचलेले दाणे पुन्हा परातीत ओतले. खिचडी झाली. पोरांनी मागून मागून खाल्ली.

आई, तू घातलं नसतंस. निदान काल तरी नाही. मला समोर बसवून आधी शंभर प्रश्न विचारले असतेस, आणि तेच बरोबर झालं असतं. पण माझ्या शब्दावर मावशीने ते दाणे शिजवले नसते, म्हणून तुझं नाव घेतलं. त्याचं वाईट वाटतंय असंही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एवढं लिहून ठेवते. उद्या आकुर्डीच्या शाळेत जायचंय. तिथे तुला कुणी ओळखत नाही, आणि मला धास्ती वाटते आहे.