मंद, मध्यम, ठळक

प्रिय घुबडा,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं. मुलीला घुबड म्हणणं मला कधी पटलं नाही, म्हणून मी ते वापरलं नाही. आज वापरते आहे, कारण हे पत्र रात्र रात्र जागणाऱ्या त्या मुलीला आहे, ऑफिसात बसणाऱ्या तुला नव्हे. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर बोलायला या घरात जागा उरलेली नाही. हल्ली बाबांचे कान इतके तिखट झालेत की मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं. ते का झालेत हेही आता मला कळलं आहे. तिथे येतेच.

आधी तू विचारलेल्या उल्कावर्षावांच्या तारखा देते, म्हणजे ते काम हातावेगळं होईल. जानेवारीत तीन-चारची पहाट. तो वर्षाव जेमतेम काही तास टिकतो, चुकला की गेला. एप्रिलमध्ये बावीसच्या सुमारास स्वरमंडळातला, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. मे महिन्यात पाच-सहाला कुंभेतला, उजाडण्याआधीचा तास-दीड तास. ऑगस्टमध्ये बारा-तेराच्या रात्री ययातीतला, हा मोठा. ऑक्टोबरात एकवीसला मृगातला. नोव्हेंबरात सतराला सिंहेतला, एरवी तासाला दहा-बारा, पण कित्येक वर्षांतून एखादेवेळी वेड लागल्यासारखा कोसळतो. आणि डिसेंबरात तेराची रात्र, मिथुनेतला, सगळ्यांत भरवशाचा. तो तेवढा रात्री नऊ-दहापासून दिसायला लागतो, बाकीचे बहुतेक मध्यरात्र उलटल्यावर. चंद्र कधी उगवतो ते कॅलेंडरात तूच बघ. अर्धा तास डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे, फोन खिशात ठेव, आणि उल्का जिथून येतात त्या जागेवर टक लावू नकोस, जरा बाजूला बघ. हे सगळं तुला पाठ आहे. तरी विचारलंस. तुझ्या निरोपात शेवटी ‘बाबा यंदा मोजणार आहेत ना?’ असं होतं. मी ‘हो’ एवढंच कळवलं. तुला तारखा नको होत्या, ते शेवटचं वाक्य विचारायचं होतं, हे लक्षात यायला मला पाच आठवडे लागले.

गच्चीवरची आपली वाटणी तू सहा वर्षांची असल्यापासूनची. बाबा सतरंजीवर उताणे पडून उल्का सांगणार, तू त्यांच्या शेजारी, आणि मी खुर्चीत, मांडीवर तक्ता आणि लाल कागद गुंडाळलेली विजेरी घेऊन. ‘एक. मंद. मृगातली.’ की मी वेळ टाकून लिहिणार. वर बघितलं तर ओळ चुकते, म्हणून मी वर बघत नाही. सव्वीस वर्षं बघितलं नाही. पहाटे बाबा म्हणणार, ‘परीक्षक बाई, मारा बेरीज.’ मग मी तक्ता आकाशनिरीक्षण मंडळाला पाठवणार. मंडळाने आपल्या तक्त्यावर एकदाही शंका काढली नाही, याचा मला केवढा तोरा होता ते तुला माहीत आहे.

यंदा एकवीस ऑक्टोबरला मान आखडली म्हणून मी डोकं मागे टाकलं. वर काहीच नव्हतं. एक तारा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत ढग, धुण्याच्या मळक्या पाण्यासारखे. मी आता बाबांना म्हणणार, अहो, उठा, आभाळ भरलंय, एवढ्यात ते म्हणाले, ‘एक. मध्यम.’

मी लिहिलं. दोन वाजून अठरा मिनिटं, एक, मध्यम. परीक्षा विभागात तीस वर्षं काढलेल्या बाईने, कॉपी करणारं पोर दारातून ओळखणाऱ्या बाईने, ते लिहिलं. सहा मिनिटांनी ‘एक. मंद.’ आलं, तेही लिहिलं. ढग कधीपासून होते ते मला माहीत नाही, म्हणजे त्या रात्रीच्या चौदांपैकी किती खऱ्या तेही माहीत नाही. सकाळी बाबांनी विचारलं, ‘किती झाल्या?’ मी चौदा म्हटलं. ते म्हणाले, ‘वा, बरा गेला यंदा.’

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आधी वाटलं, झोपेत बोलले असतील. मग वाटलं, माझी फिरकी घेतात, पण फिरकी घेणारा माणूस नंतर हसतो. मग वाटलं ते जास्त वाईट होतं, की त्यांना भ्रम होऊ लागलाय. दोन दिवस मी त्यांना आडून आडून तारीख, वार, दूधवाल्याचा हिशोब विचारत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘तोंडी परीक्षा संपली असेल तर चहा मिळेल का?’ डोकं शाबूत होतं. मग काय?

मला एकच गोष्ट येते, कागद तपासणं. ते दुपारी झोपल्यावर मी सगळ्या फायली काढल्या. खऱ्या उल्का कशा येतात? एका मिनिटात तीन, मग अकरा मिनिटं काही नाही, मग लागोपाठ दोन. जुने तक्ते तसेच आहेत, वेडेवाकडे. तू नोकरीसाठी गेलीस त्यानंतरच्या दोन वर्षांचे मात्र स्टँडवरून बस सुटावी तसे आहेत. सहा मिनिटं, सहा मिनिटं, पाच, सहा. दोन मंद झाल्या की एक मध्यम. तासाला एक ठळक. असं आकाश नसतं. विद्यार्थ्याने उत्तर माहीत करून घेऊन मागून गणित मांडलं की असं दिसतं. आणि मी, जी हे लांबून हुंगायची, तीच ओळ आखून लिहीत बसले होते.

म्हणजे दोन वर्षांपूर्वी काहीतरी झालं, असं मी धरलं. मग त्यांच्या कपाटात, छापखान्याच्या निवृत्तीच्या कागदांखाली, नेत्ररुग्णालयाचं पाकीट सापडलं. रात्रीचं दिसणं जवळजवळ गेलेलं, दिवसाचंही कडेकडेने आवळत जाईल, रोग वारशाने येणारा, उपाय नाही. तारीख आठ वर्षांपूर्वीची. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. आठ. त्याच पाकिटात तुझ्याही तपासणीची चिठ्ठी होती, पंधरा दिवसांनंतरची. तुझे डोळे निर्दोष. त्याबद्दल मी देवघरापुढे न जाता तिथेच जमिनीवर बसून हात जोडले, आणि मग तुम्हा दोघांवर इतकी संतापले की पाकीट परत ठेवताना बोट दारात चेमटलं.

पण माझं गणित आणखीच बिघडलं. आठ वर्षं त्यांना अंधारात दिसत नाही, तर तू होतीस तेव्हाच्या सहा वर्षांचे तक्ते वेडेवाकडे कसे? खरे कसे? मंडळातल्या इतरांशी मी तेव्हाच ताडून पाहिले होते, मिनिटाला मिनिट जुळत होते. आंधळ्या माणसाने खऱ्या उल्का मोजल्या कशा? चार दिवस मी हे डोक्यात घोळवत होते. भाजी करपवली. समोरच्या शिंपीणबाईंना ब्लाऊजचं माप देताना अर्धा हात वर करून तशीच उभी राहिले, त्या म्हणाल्या, ‘बाई, हात खाली घ्या, मोजून झालं.’

आणि तिथे हात वर असतानाच आठवलं. तू चोवीस वर्षांची होतीस. एकाएकी तू उल्का मोठ्याने सांगणं बंद केलंस. ‘दोन आवाजांत आईची ओळ चुकते, बाबाच सांगतील,’ म्हणालीस. मला तुझ्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं. सतरंजी त्यांच्या सतरंजीला लावलीस आणि त्यांचं मनगट धरून पडायला लागलीस. मी म्हटलंसुद्धा, ‘एवढी घोडी झालीस, बापाचा हात धरून काय झोपतेस?’ दोघं हसलात. मी म्हातारपणाची माया समजले. सगळं माझ्या समोर चाललं होतं, पाच फुटांवर, आणि मी खाली बघून शुद्धलेखन सांभाळत होते.

छापखान्यात ते सुरुवातीला शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. डोळे मिटून बोटाने खिळा चाचपायचे आणि अक्षर सांगायचे, लग्नानंतर मला हा एकच खेळ त्यांनी करून दाखवला होता. त्या माणसाला मनगटावरची खूण कळणं काय अवघड!

आता बाकीचंही एकेक करून समोर येतं. त्यांनी रात्रपाळी सोडली, मी म्हटलं आळस. संध्याकाळी बाजारातून येताना माझं कोपर धरायला लागले, मी म्हटलं, ‘सोडा, लोक बघतात.’ उल्कांच्या रात्री दिवस असतानाच गच्चीवर जाऊन बसतात, मी म्हटलं उत्साह. पहाटे मी खाली उतरले तरी एकटेच वर थांबतात. ‘उजाडलेलं बघून येतो,’ म्हणतात. मी लोकांना सांगायची, आमच्या ह्यांना सूर्योदयाचं फार वेड. थंडीत दीड-दीड तास तो माणूस जिना दिसायची वाट बघत बसायचा. आणि मागच्या वर्षी स्टुलाला अडखळून पडले तेव्हा मी म्हटलं होतं, ‘डोळे आहेत की बटणं लावलीयत?’ ते म्हणाले, ‘बटणंच गं, तुटायला आलेली.’ मी त्यावर हसले होते. हे वाक्य मी रोज एकदा तरी आठवते. शिक्षा म्हणून नाही, आपोआप येतं.

मला का सांगितलं नाही, हा प्रश्न तुला विचारण्यासाठी मी दोन पानं लिहिली आणि फाडली. उत्तर मला माहीत आहे. मंडळातल्या त्या शिक्षकाने पेंगत मोजणी केली होती तेव्हा मी सगळ्यांदेखत त्याचा तक्ता फाडला होता. ‘नीट दिसत नसेल त्याने घरी झोपावं,’ असं म्हटलं होतं. बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यानंतर कुणी काय सांगणार? आणि सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेही प्रामाणिकपणे लिहिते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, तिसऱ्या दिवशी फाईल बंद. सतरंज्या धुऊन माळ्यावर. मला ते योग्यच वाटलं असतं.

दोन वर्षांचे तक्ते मी मंडळाला कळवून रद्द करून घेतले. कारण ‘नोंदणीतील दोष’ असं दिलं. दोष नोंदणाऱ्याचाच होता. तुझ्या सहा वर्षांचे ठेवलेत. निरीक्षकाच्या रकान्यात त्यांचं नाव आहे आणि डोळे तुझे, हे नियमात बसतं का, मला ठरवता आलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक कागद मी न ठरवता बाजूला ठेवला आहे.

सतरा नोव्हेंबरला मी थंडीचं कारण सांगून मोजणी टाळली. बाबांनी संध्याकाळी दोनदा विचारलं, ‘नक्की नाही ना?’ ते झोपल्यावर मी एकटीच गच्चीवर गेले आणि त्यांच्या जागी पडून बघितलं. बराच वेळ काही नाही. मग एक गेली. तोंडातून ‘एक’ निघालंसुद्धा. पुढे मात्र अडले. ती मंद होती की मध्यम? हे शब्द मी हजारो वेळा लिहिलेत आणि ते कसे दिसतात हे मला माहीत नाही. आणखी दोन दिसल्या, पहिल्या दोघींपेक्षा तिसरी उजळ वाटली, म्हणजे ती ठळक धरायची का? विचारायचं कुणाला? ज्यांना विचारलं असतं ते खाली झोपले होते, आणि त्यांनाही आता आठवणीतूनच सांगावं लागलं असतं.

तर आता कामाचं. तेरा डिसेंबरला अठरा दिवस राहिलेत. कालच बाबांनी सतरंज्या उन्हात टाकल्या आणि मला म्हणाले, ‘परीक्षक बाई, पेन्सिलींना टोक करून ठेवा.’ मला कळलंय असं मी त्यांना सांगणार नाही. सांगितलं तर ते माझ्यासाठी मोजणं थांबवतील, आणि ते थांबले की रात्री गच्चीवर आम्ही दोघं कशाला जाणार? मी त्यांना सांगणार आहे की माझी बोटं दुखतात, यंदा फोनवर आवाज टिपून सकाळी लिहीन, आणि पाठीसाठी मीही सतरंजीवर पडणार. खोटं बोलायची सवय नाही, आरशासमोर तालीम करते आहे. पहाटे उतरताना पुढे मी होईन आणि म्हणेन, जिन्याची भीती वाटते, खांद्यावर हात ठेवा. हेही पाठ केलंय. फक्त तुझी जागा घ्यायची तर तुझी खूण यायला हवी, आणि ती मला येत नाही. त्यासाठीच हे पत्र. मनगटावर कुठे धरायचीस? एक दिसली की एकदा दाबायचं, की बोटाने टिचकी? मंदला काय, मध्यमला काय, ठळकला काय? मिथुनेतली आणि इकडची तिकडची यांत फरक कसा सांगायचीस? सगळं नीट, क्रमाने लिहून शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव, इथे टपाल बाबाच घेतात. आणि किती जोरात दाबायचं तेही लिही. माझा हात जड आहे.

तुझीच, यंदा वर बघणारी,
आई