नेरची मुक्कामी मोटार

४ डिसेंबर १९६१
सुमनला आज पुन्हा उशीर. अमरावतीहून येणारी पहिली मोटार खच्चून भरलेली, नेरला थांबलीच नाही. दुसरी कापसाच्या बैलबंड्यांत अडकली. यवतमाळच्या शाळेत पोर पोहोचली तेव्हा दुसरा तास संपला होता. हेडबाईंनी बजावलं: गावात खोली घ्या, नाहीतर नोकरी सोडा.
ताई गेल्यापासून ही पोर माझ्याकडे आहे. तिच्याशिवाय हे घर म्हणजे... असो.

५ डिसेंबर
सु.बरोबर यवतमाळला जाऊन खोली पाहिली. स्टँडमागे खोल्यांच्या रांगा उठल्या आहेत. भाडेकरू सगळे नेर-दारव्ह्याकडचे नोकरदार. मोटारी वेळेवर धावल्या असत्या तर तिथे अजून तूर उभी असती. खोलीला खिडकी नाही. घरमालकीण म्हणाली, "हवा कायले पाह्यजे? पोरगी दिवसभर शाळेतच तं राह्यते." मी तिला मराठीत सुनावलं, उरलेलं इंग्रजीत. सु. म्हणाली, "पुढच्या शनिवारी सांगते."
तिथून तडक स्टँडवर, मोटारी सोडणाऱ्या साहेबाकडे. कोवळा आहे, पण ऐकतो. रात्री नेरला मुक्काम करणारी मोटार देतो म्हणाला. सकाळी नेरहूनच निघणार, मग उशीर कुठून येणार? अटी दोन. ड्रायव्हर-कंडक्टरला निजायला जागा द्यायची, आणि आठवडाभर चालवून पाहायची. रिकामी गेली तर बंद.
परतीच्या वाटेवर मला आनंदाने बसवत नव्हतं.

७ डिसेंबर
शेजारच्या गुलाबरावांनी काल स्वतःहून ड्रायव्हर-कंडक्टरसाठी खोली देऊ केली. आज कंडक्टरचं नाव कळलं, वानखडे, घरच्यांनी बौद्ध दीक्षा घेतलेली. लगेच गुलाबराव दारात.
"बाई, खोलीत सरकी भरा लागते."
"काल नव्हती?"
"काल ध्यानात नाही राह्यलं."
मी माझीच रस्त्याकडची खोली झाडून काढली. त्यांची बायको कुंपणावरून: "कंडक्टर कोन्या लोकायचा हाय, इचारलं काय बाई?"
"विचारलं. वेळेवर उठणाऱ्यांचा."
दिवसभर अंग रागाने गरम. कामं मात्र भराभर झाली.

११ डिसेंबर
सुटली! ठरल्या मिनिटाला. आत सु. धरून चौघे. बाकीचं नेर नेहमीच्या चालीने आलं; मोटार उशिरा येते म्हणून आपणही उशिरा जावं, हे सगळ्यांच्या हाडांत मुरलेलं. गुलाबराव पिशवी घेऊन धुळीकडे पाहत उभे. "सांगतल्या टायमाले गेली? हे कोनती रीत झाली?"
सु. शाळेचं फाटक उघडण्याआधी पोहोचली.

१३ डिसेंबर
आज सहाजण. वानखडे उतारू मोजतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो. संध्याकाळी घरोघर फिरले. यवतमाळच्या पोस्टातल्या कारकुनाला सकाळी स्वतः उठवीन म्हटलं. त्याची बायको: "बाई, तुमी शाळा सोडली, घंटा नाही सोडली." आमच्या कॉन्व्हेंटात उशिरा येणारीला सिस्टर दाराबाहेर उभं करीत. मी अजून तिथवर गेलेले नाही.

१५ डिसेंबर
निम्मी भरली! गुलाबरावही. वानखडेकडून तिकीट मुकाट्याने घेतलं. संध्याकाळी कुंपणाशी: "मोटार इथंच मुक्कामी राह्यत असन तं समोरच्या जाग्यावर हॉटेल टाकावं म्हन्तो."
"आणि सरकी?"
"तुमी बी ना, बाई."
पोस्टातला कारकून माझ्या गल्लीत घर शोधतो आहे. दोन शिक्षकही. एका मोटारीने गावाचं तोंड या बाजूला वळायला लागलं.

१६ डिसेंबर
मोटारीत लिहिते आहे, अक्षर हलतं. साहेब आज स्वतः यवतमाळच्या स्टँडवर उतारू बघणार. आमची अगदी भरली नाही, म्हणून मीच चढले. वानखडे तिकीट फाडत म्हणाला, "बाई, तुमचं काय काम तिथं?"
"घरमालकिणीला नकार द्यायचा आहे."
सु. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मावशी, तिला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही."
मोटार वेळेवर चालली आहे. घाट लागला. तुला काय हवं, हे मी तिला एकदाही विचारलेलं नाही.