सीटच्या दांड्याला ग्रीस

गोरेगाव, ता. सेनगाव
दि. ११ डिसेंबर २००८

विश्वंभर सरांना,
करुणाचा जयभीम.

तुम्ही खुशाल असालच. इकडं थंडी चांगलीच पडलीय. बाबांचा खोकला कमी आहे. माझा डावा पाय थंडीत ठणकतो, पण दुकानापुरतं चालणं होतं. सहा वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाही, म्हणून आपलं मीच सांगते.

तुमची लेक रेवती आत्ता आमच्या सायकलच्या दुकानात बसलीय, चहा पिऊन राहिली. घाबरू नका, धडधाकट आहे. हिंगोलीहून जीपच्या टपावर सायकल टाकून एकटीच आली, तुम्हाला न सांगता. तिच्या सायकलीची सीट सारखी खाली सरकते आणि तुम्ही दर वेळी तेच सांगता म्हणे : "ग्रीस लाव अन् आवळ." म्हणून दुसऱ्या कुणाला दाखवायला निघाली.

हे मी आधी ऐकलंय, सर.

आठवतं का, तुम्ही माझे कोच होता तेव्हाची नांदेडची सायकलिंगची निवड-स्पर्धा? माझ्यासाठी तुम्ही पुण्याहून जुनी कार्बनची फ्रेम आणली होती. बाबांनी जन्मभर लोखंडी सायकली जोडलेल्या. फ्रेमच्या आत जाईल त्या दांड्याला ग्रीस लावायचं आणि शेवटी अंगाचा भार देऊन एक हिसका मारायचा, ही त्यांची रीत. पण त्या फ्रेमसोबत इंग्रजी चिठ्ठी होती. मी डिक्शनरी घेऊन ती वाचून दाखवली : दांडा कोरडा पुसून बसवा, बोल्ट हलक्या हातानं आवळा, नाही तर कार्बन चिरतो. बाबा म्हणाले, "हे तं उलटंच झालं की गं!" तरी त्यांनी तसंच केलं. तीस वर्षांची सवय मोडून दोन बोटांनी आवळलं, लेकीसाठी.

शर्यतीच्या सकाळी सीट वर घ्यायची म्हणून तुम्ही दांडा उपसलात. ग्रीस थापलंत. मग तो सरकायला लागला, तर बोल्टच्या पान्याला, त्या एलन-कीला, हातभर लोखंडी नळी लावून पिळलंत. बाबा हात जोडून म्हणाले, "सर, चिठ्ठीत तसं न्हाई." तुम्ही म्हणालात, "जळबा, आता तुम्ही आम्हाला शिकवणार का?" तिथं उभे होते ते सगळे हसले. मीही हसले.

बाराव्या किलोमीटरला कट्ट आवाज आला. फ्रेमची नळी बोल्टाखाली फुटली, सीट मोडून पडली आणि मी रस्त्याकडेच्या खडीत. खुबा गेला.

तुमच्या अहवालात काय होतं? "स्थानिक मिस्त्रीने अडाणीपणाने जादा आवळल्यामुळे अपघात." झालं! गावातली माणसं पंक्चर काढायलासुद्धा सेनगावला जायला लागली. बाबांनी पाना खाली ठेवला तो ठेवलाच. दुकान मी धरलं.

आणि जे लिहायचं टाळत होते तेही लिहिते. त्या अहवालाखाली दुसरी सही माझी आहे. दवाखान्यात तुम्ही म्हणालात, "पाय बरा झाला की पुढच्या निवडीला तुझंच नाव." मी वाचलं आणि सही केली. बापाचं नाव बुडवलं मी माझ्या हातानं. पाय बरा झाला नाही. तुम्ही फिरकलाही नाहीत.

आज रेवतीची फ्रेम खोलली, तीही कार्बनचीच. दांडा ग्रीसनं बरबटलेला, बोल्टचं तोंड पिळून पिळून झिजलेलं. दांडा आवळून धरणारा वरचा क्लॅम्प काढला तर खाली फ्रेमच्या नळीला केसाएवढी चीर. आणि रविवारी पोरीची शर्यत.

खोटं कशाला बोलू? मी क्लॅम्प परत बसवला. फडक्यानं पुसून चकाचक केला. म्हटलं, जाऊ दे अशीच. बाराव्या किलोमीटरला कळेल सरांना.

बाबा ओट्यावरून बघत होते. ते उठले, माझ्या हातातून फ्रेम घेतली, क्लॅम्प काढून फेकला आणि भिंतीवरची करवत उतरवली. "पोरी, ही सायकल मी तुला नेऊ देत न्हाई," एवढंच रेवतीला बोलले आणि चिरेखालून नळी कापली. सहा वर्षांनी हत्यार हातात घेतलं माझ्या बापानं! रेवती रडायला लागली, "काहून कापली हो, काका?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. नळी, हसणं, अहवाल. सहीसुद्धा, बाबांच्या समोर.

बाबा काळी भुकटी झटकत म्हणाले, "मला तवाच ठावं व्हतं. तुझी सही वळखतो मी."

तर सर, तो चिरलेला तुकडा रेवतीसोबत पाठवतेय. ही चिठ्ठीही तिला वाचायला देऊनच पाठवतेय. आता जेवायला बसाल तेव्हा ती समोर असेल. ती विचारील, रोज विचारील. मी तिला तसं बजावून पाठवतेय. उरलेली फ्रेम दुकानाच्या दारात टांगलीय, खाली पाटी लावून : 'ही विश्वंभर सरांनी आवळली. जळबा मिस्त्रीवर घातलेला आळ खोटा होता. त्या खोट्यावर मीही सही केली होती. – करुणा.' पाटी उतरवायची असेल तर बाजाराच्या दिवशी या आणि माझ्या बापासमोर, चार माणसांत, तोंडानं सांगा. नाही आलात तर पाटी आहेच. पाऊस लागला की मी रंग नवा देईन.

ह्या वेळी कुणी न सांगता सही करणारी,
जळबा मिस्त्रीची लेक
करुणा