रिकाम्या जागेचं अंथरूण

सोमवार

नोकरी लागली! एक्कावन्नाव्या वर्षी, चौथी शिकलेल्या बाईला, तीही धावत्या गाडीत. सहा दिवसांच्या गाडीचा एक डबा माझ्या ताब्यात. अंथरुणं घालायची, उचलायची, ज्याचं स्टेशन येईल त्याला हलवून उठवायचं. अंगावर निळा डगला, खिशात कपाटाची किल्ली. साहेबांनी ही वही दिली. नवीन बाईनं रोज काय झालं ते लिहायचं असतं म्हणे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचा म्हणावं.

डबा झकास आहे. चाळीस बर्थ, खिडक्यांना करड्या रंगाचे पडदे, दोन्ही टोकांना बेसिन. कपाटात चादरींचे गठ्ठे, साबणाचा वास मारणारे. कपाटाशेजारी मला झोपायला एक फळी. माणसं एकतीस, बहुतेक सगळी शेवटपर्यंत जाणारी. पाच नंबरला एक शिंपी आहे, गाडी हलायच्या आधीच त्याचे डबाभर विनोद सांगून झाले. माझ्या डगल्याकडे बघून म्हणाला, मावशी, हा डगला तुमच्यासाठी शिवलाय की तुम्हाला त्याच्यात कोंबलंय? मी म्हटलं, तुझं तोंड शिवायला दोरा आहे का बघ. त्याच्या समोर सहा नंबरला चित्रकलेचे रिटायर मास्तर. ते हसले, पण हळू.

सगळ्यात चांगलं म्हणजे शेवटच्या स्टेशनाला कंपनीनं मला एक खोली दिलीय. नळ आत. शुक्रवारी वाटेतल्या स्टेशनावर चिमी चढेल. माझी एकुलती एक. नवऱ्यानं ढकललं, हात मोडला, तेव्हा कुठे बाईसाहेबांना अक्कल आली. सत्तावीस नंबर तिच्यासाठी काढलाय. रविवारी आम्ही दोघी त्या खोलीत. मग तो नवरा दारावर डोकं आपटेना का.

माझ्या आधीची बाई ताबा देताना दोन गोष्टी चारचारदा सांगून गेली. रिकाम्या बर्थवर अंथरूण घालायचं नाही. आणि माणूस उठला की आधी अंथरूण गुंडाळायचं, मग त्याला जाऊ द्यायचं. का ते विचारलं तर किल्ली माझ्या हातात कोंबली आणि चालू लागली. डोक्यावर पडलेली दिसते. चाळीस गठ्ठे एकदम काढले आणि एका दमात चाळीस बर्थ घालून टाकले. मधल्या स्टेशनावर कोणी चढलं तर पुन्हा कोण धावणार?

मंगळवार

सकाळी चहाच्या वेळी फेरी मारली. नऊ रिकामे बर्थ भरलेले. नऊजण डोक्यावरून चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला वाटलं पहाटे चढले असतील. पण रात्रभर गाडी कुठे थांबलीच नव्हती.

टीसीला बोलावलं. तो तावातावानं आला, एकाच्या खांद्याला हात लावला, आणि लगेच काढला. म्हणाला, ताप आहे वाटतं, फार गरम आहे. मग यादी काढली. यादीत नऊही नंबरांपुढे बरोबरच्या खुणा. त्यानं खुणांवरून बोट फिरवलं. म्हणाला, खूण माझ्याच हातची आहे. मग माझ्यावरच खेकसला, बाई, माणसं झोपलीत तर झोपू द्या, तुमचं काय जातं?

सत्तावीस नंबरवरही एकजण आहे. चिमीची जागा आहे ती. म्हटलं, शुक्रवारपर्यंत उठवीन. चादर ओढली. ओली असल्यासारखी जड लागली. आतून एक हात बाहेर आला आणि त्यानं चादर पुन्हा नीट खोचून घेतली. अगदी मी खोचते तशी, कोपरा दुमडून.

बुधवार

शिंपी सकाळी दाढी करायला बेसिनपाशी गेला. परत आला तर त्याच्या बर्थवर कोणीतरी झोपलेलं. अर्ध्या गालाला फेस, खांद्यावर टॉवेल, असा तो उभा. ओरडला, अरे ऊठ, बापाची गाडी आहे का? कोणी मान वर केली नाही. दोन दिवस ज्यांना हसवून बेजार केलं ते मास्तरसुद्धा त्याच्यातून पलीकडची खिडकी बघत होते.

मग बर्थवरचा वळला. चेहरा शिंप्याचाच. दाढी झालेली, गुळगुळीत. त्यानं मास्तरांना कालचा अर्धा राहिलेला विनोद पुढे सांगितला. मास्तर हसले. हळू.

मला दोघेही दिसत होते. अंथरूण मीच घातलं होतं म्हणून असेल.

शिंप्याला दाराशी नेलं. म्हटलं, पुढच्या स्टेशनाला उतर आणि पळ. तो म्हणाला, मावशी, माझी कात्री त्याच्याकडे, माझी बायको मला घ्यायला येईल ती त्याला घेऊन जाईल, मी पळू कुठे? स्टेशन आलं. त्याचा पाय पायरीपर्यंत गेला, पुढे जाईना. दुपारी तो दारापाशीच होता, पण डोळे बारीक करून बघावं लागत होतं. संध्याकाळी फक्त साबणाचा वास उरला.

मग मी डबाभर ओरडत फिरले, उठताना अंथरूण गुंडाळा, गुंडाळूनच जा. एक जाडी बाई म्हणाली, अगं बये, आता संडासला जाताना गादी डोक्यावर घेऊन जाऊ का? सगळा डबा हसला. खरं सांगितलं असतं तर मला वेडी म्हणून उतरवलं असतं, आणि चिमी एकटीच चढली असती इथे. खोटं सांगितलं, ढेकूण झालेत म्हटलं. तेही कोणी ऐकलं नाही.

त्या जाडीला चार वाजता बेसिनपाशी उभी बघितलं. तिच्या बर्थवर ती झोपली होती.

गुरुवार

फक्त मास्तरांनी ऐकलं. तीनदा उठले, तीनदा गुंडाळलं, शाळेतल्या मुलासारखं. म्हणाले, बाई, तुम्ही घाबरलेल्या दिसता, मला कारण नको. चांगला माणूस.

दुपारी ऊन आलं. ते पडदा ओढायला उठले. दोन पावलं. मी पलीकडच्या टोकाला होते. हाक मारली तोवर—

ते माझ्याकडे बघून म्हणाले, अहो बाई, मी इथे आहे ना? मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज आला, ते नाही दिसले.

मग अंथरुणं ओढून काढायला गेले. एकही निघालं नाही. सगळी गरम. चाळीस बर्थ, चाळीस माणसं, त्यातलं खरं एकही नाही. आता पडून राहत नाहीत. उठून बसतात, गप्पा मारतात, मला मावशी म्हणतात, पाणी मागतात. टीसी म्हणाला, इतका गुण्यागोविंदाचा डबा कधी बघितला नाही. जागा गेलेले जे दाराशी वाटेत उभे आहेत त्यांच्यातून तो चालत गेला.

चिमीचा फोन बंद. तिनं चढू नये. बस्स. खाली उतरायचं आणि तिला घेऊन उलट पळायचं.

शुक्रवार

गाडी थांबली तशी मी पायरीवर. चिमी धावत येत होती, प्लास्टरचा हात छातीशी धरून. मागे तिचा नवरा आणि त्याचा भाऊ. मी ओरडले, चढू नकोस. ती ओरडली, आई, ते मारून टाकतील, हात दे.

दिला. काय करणार होते?

सत्तावीसवरची बाई तिच्याकडे बघून हसली. मी चिमीला माझ्या फळीवर आणलं. फळी उघडी. सोमवारी रात्री दमून तशीच आडवी झाले होते, आणि त्यानंतर तिच्यावर काही घातलं नाही. म्हणून मी अजून मी आहे. चिमीलाही त्याच लाकडावर बसवलं. म्हटलं, कोणाच्या अंथरुणाला शिवू नकोस. ती म्हणाली, का गं? मी म्हटलं, सांगितलं तेवढं ऐक, प्रत्येक गोष्टीत का, का. तिचं तोंड एवढंसं झालं.

आधीच नवऱ्याच्या भीतीनं अर्धी झालेली पोर. तिला आणि हे कुठे सांगू? रविवारी उतरलो की संपलं. दोनच दिवस.

रात्री चिमीनं मला डगल्याची उशी करून दिली आणि म्हणाली, आई, जगाला अंथरुणं घालतेस आणि स्वतः लाकडावर झोपतेस, हाडं मोडतील. मी म्हटलं, गप झोप.

शनिवार

टीसीनं सही करायला बोलावलं. दहा मिनिटं. किल्ली कपाटालाच राहिली—

परत आले. फळीवर पांढरी चादर. एका हातानं घातलेली, एक कोपरा सुटलेला. उशीला अभ्रा. पोरीनं आईसाठी—

त्या चादरीवर मीच झोपलेली.

चिमी तिचे पाय दाबत होती. म्हणत होती, आता बरं वाटतं ना? मऊ वाटतं ना?

मी खांदा धरून हलवलं. ओरडले. चिमीनं मानेवरची माशी उडवावी तसा हात फिरवला.

फळीवरच्या बाईनं डोळे उघडले. माझे डोळे. म्हणाली, माझी गुणाची पोर, हात दुखत असताना कशाला केलंस? चिमी रडायला लागली. मी तिला कधी असं बोलले नव्हते. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

दुपार. दोघी बोलताहेत. तिला सगळं माहीत आहे. लहानपणीचा गोवर, शाळेतलं बक्षीस, सगळं. मी विसरले होते तेही. चिमी म्हणाली, आई, तू किती बदललीस गं. ती म्हणाली, बदलायला नको होतं का?

चिमी हसली. लग्नानंतर पहिल्यांदा.

वही माझ्या हातात आहे. पेन चालतंय. म्हणजे अजून—

रविवार

सकाळी वही तिच्या मांडीवर ठेवली. उघडी. हे सगळं पान पान. वाच, चिमे, वाच.

तिनं पानं उलटली. म्हणाली, आई, ही तर कोरी आहे, एक अक्षर लिहिलं नाहीस? ती म्हणाली, वेळ कुठे मिळाला?

कोरी. मी लिहितेय आणि—

टीसी माझ्यातून गेला. गार वाटलं.

दाराशी गर्दी आहे. सगळे आहेत. शिंपी असेल. मास्तर असतील.

स्टेशन आलं. ती पिशवी घेतेय. माझा डगला घातलाय तिनं, अंगाला बरोबर बसलाय. चिमी विचारतेय, खोलीत झोपायला काही आहे का. ती म्हणाली, आहे ना, मी घालते, तू फक्त—

पाय पायरीपर्यंत जातो. पुढे नाही.

उतरल्या. तिनं चिमीचा प्लास्टरचा हात धरला. चिमीला दुखलं नाही. वळून बघत पण नाही. चिमे, वळ. एकदा. चिमे, त्या खोलीत झोपू नकोस, सकाळी तोंड धुवायला उठलीस की तिथे तुझ्या—