अकरा अंगणं

अंबरनाथ पश्चिम,
गुरुवार

प्रिय इरा,

आईने कागदावर पत्र लिहिलंय म्हणून हसू नकोस. तुझा फोन रविवारपासून लागत नाही. बदलापूर गावातला आपला कैलास ट्रक घेऊन तुमच्या तालुक्याला निघालाय, त्याच्याकडे हे देतेय. इथे सगळं ठीक. बाबा सांगतात तेवढी त्यांची शुगर कमी नाही, आणि पेढ्यांचा डबा कुठे लपवतात ते मला ठाऊक आहे.

सिंधच्या सीमेवरच्या त्या पासष्ट उंबऱ्यांच्या रेतासरचा इतिहास लिहायला तू निघालीस, तेव्हा नातेवाईक नाकं मुरडत होते. मीच त्यांची तोंडं बंद केली. मागच्या महिन्यात तू कंटाळून परत येते म्हणालीस, तर हातात घेतलेलं काम अर्धं टाकून यायचं नाही, असं मीच सुनावलं. कारखान्याच्या ऑफिसात तीस वर्षं काढली ना, दुसऱ्याला कामाला जुंपायची खोड जात नाही. आता त्याच वाक्याचा पस्तावा होतोय.

शनिवारी तू अकरा अंगणांचे फोटो पाठवलेस. मी हौसेने ते उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या जेठी आंटींना दाखवायला नेले. रेतासर त्यांचं आजोळ. फाळणीत सिंधमधून निघाल्यावर महिनाभर त्या तिथेच होत्या. वय शहाऐंशी, पण मामाच्या घराचं दार त्यांनी लगेच ओळखलं. मग मी तुझी ओळ वाचून दाखवली, की गावात जुन्या जात्यांचे वरचे दगड उलटे टाकून बसायला वापरतात. आंटी हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक फोटो पुन्हा बघितला. म्हणाल्या, "नीलिमा, वो बैठने के लिए नहीं है. चक्की उलटी केली की समजायचं, गाव चाललं."

पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या लढाईआधी गाव असंच रिकामं झालं होतं, सरकारी हुकूम यायच्याही आधी. बायका दिवसाढवळ्या दगड उलटा करून ठेवतात. परत येईल तो आधी दगड सरळ करतो, मगच चूल पेटवतो. पण 'आम्ही निघालो' हे तोंडाने कुणी बोलत नाही, अपशकुन मानतात. एकाहत्तरला परगावच्या शाळामास्तरांना ते कळलंच नाही. रिकाम्या शाळेची घंटा ते दोन दिवस वाजवत राहिले, असं मामाकडच्यांनी नंतर ऐकलं. पुढे त्यांचं काय झालं, ते आंटींनाही ठाऊक नाही. टीव्हीवर म्हणतात सगळं शांत आहे. इरा, मला फार भीती वाटतेय.

म्हणून हे पत्र. वह्या राहू देत, कैलासच्या ट्रकमध्ये बस आणि ये. मी सुनावलेलं मीच मागे घेतेय. आणि आणखी एक. अकरापैकी दहा अंगणांत दगड उलटे आहेत. फक्त तुझ्या घरमालकीण ढेलीबाईंचं जातं सरळ आहे. आंटी म्हणाल्या, घरात पाहुणा जेवत असेपर्यंत तिथलं जातं उलटं करत नाहीत. ती बाई तुझ्यामुळे थांबली आहे, आणि तुला सांगूही शकत नाही. आता माझं जेवण झालं, असं तूच तिला सांग, आणि दगड उलटा करायला हात लाव.

तुझीच, वाट बघणारी,
आई