दोन चमचे द्राक्षासव

९ सप्टेंबर १९८६, मंगळवार

शेजारच्या वँडाने आज आमच्याकडे दुसरी पोळी मागून घेतली! न्यूमोनियातून उठल्यापासून या बाईने वाटीभर सूप संपवलं तरी पेढे वाटावेसे वाटायचे. झोपही लागते म्हणाली. "इट्स युअर ग्रेप टॉनिक, हनी."

सासूबाईंनी पुण्याहून आणलेलं द्राक्षासव. दोन चमचे, तेवढंच पाणी, जेवणानंतर. ह्यांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते सासूबाईंच्या बाटलीने केलं. ह्यांना सांगितलेलं नाही. डॉक्टर माणूस, उगाच फिदीफिदी हसायचा.

केंटकीतल्या या गावात येऊन इतकी वर्षं झाली, पण मागच्या दाराने न विचारता आत येणारं माणूस एकच, वँडा. ती आजारी असताना मला घर खायला उठलं होतं.

१४ सप्टें., रविवार

दारूच्या दुकानांना परवानगी द्यायचं पुन्हा निघालंय. पुढच्या महिन्यात मतदान. आमची काउंटी, म्हणजे जिल्हा, ड्राय. दारू विकायची नाही. आजोबा-पणजोबांच्या काळात सगळ्या देशात बंदी होती, ती देशाने उठवली, इथल्यांनी नाही उठवली. नदीचा पूल ओलांडला की मात्र दुकानंच दुकानं. लोक तिथे जाऊन पितात आणि पिऊन गाडी चालवत परत येतात.

पाद्रीबुवा घरोघर फिरतायत. आज आमच्याकडे आले, वँडाला घेऊन. "तुम्हा हिंदूंमध्ये दारू निषिद्धच ना?" मी आपली मान हलवली. मुंबईत दारूबंदी होती तेव्हा आमच्या थोरल्या काकांनी 'दारूवाचून यांची प्रकृती टिकणार नाही' असं डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळवून परमिट काढलं होतं. प्रकृती पैलवानाची! ते काही मी बोलले नाही.

मतदानाआधी गावाची सभा आहे, तिथे वँ. बोलणार आहे. डेलसाठी. एकुलता एक मुलगा. पलीकडून पिऊन येताना पुलाच्या कठड्यावर गाडी आदळून गेला, बाविसाव्या वर्षी. वँ.ने स्वतः जन्मात थेंब घेतलेला नाही, लग्नातसुद्धा नाही. तिची आजी बंदीच्या चळवळीतली, तिला शब्द दिलेला. "माझ्या ओठांना कधी लागली नाही, तिथूनच मी सुरुवात करणार," म्हणाली.

२० सप्टें., शनिवार

ह्यांनी सभेत दुसऱ्या बाजूने बोलायचं कबूल केलं. मला न विचारता. कडाक्याचं भांडण. "दर शनिवारी अपघातातल्या त्या पोरांना टाके मी घालतो, पाद्री नाही घालत. इथे दुकान असतं तर ती पुलापलीकडे ड्राइव्ह करत गेलीच नसती."

मी म्हटलं, वँडासमोर बोलाल हे? तर म्हणाले, वँडासमोरच बोललं पाहिजे.

दोन पेशंटनी अपॉइंटमेंट कॅन्सल केली, इतक्यात. वँ.ला कळलं असणारच. तरी ॲपल-पाय भाजून घेऊन आली, आणि ह्यांना मोठा तुकडा वाढला.

२८ सप्टें., रविवार

काय करून बसले मी.

वँ.साठी नवी बाटली काढली होती, ती ह्यांनी हातात घेतली. "हे वँडाला देतेस? अगं, आसव म्हणजे काय? द्राक्षं आंबवतात! लेबल वाच. सेल्फ-जनरेटेड अल्कोहोल. वाइनच की यार!" हसत सुटले. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

आमच्याकडे अशक्त माणसाला देतात. म्हाताऱ्यांना, पोरांना. माझी आजी एकादशीलासुद्धा घ्यायची. औषध ते. त्याला दारू कोण म्हणतं? लेबल वाचायचं मनातसुद्धा आलं नाही.

हे म्हणतात, सांगू नकोस. बरी झाली ना, मग झालं. न कळता घेतलेल्याचं कसलं आलंय पाप.

पण ती सगळ्या गावापुढे उभी राहून ते वाक्य म्हणणार. आणि मी समोर बसून ऐकणार?

२ ऑक्टो., गुरुवार

सांगितलं.

ती घेवडा निवडत होती. मी सगळं सांगेपर्यंत निवडतच राहिली. मग एवढंच विचारलं, "जूनपासून?"

मी हो म्हटलं. रडायलाच लागले. ती नाही रडली. म्हणाली, "झोप लागायला लागली तेव्हा मला वाटलं, देवाने ऐकलं माझं."

उठली, पेला घासला, चमचा घासला, पुसून ठेवला. "गो होम नाऊ, हनी."

हनी म्हणाली. पण माझ्याकडे बघून नाही.

६ ऑक्टो., सोमवार

क्लिनिकमधल्या नर्सकडून कळलं. काल चर्चमध्ये वँ. आपणहून उभी राहिली. मी जूनपासून दारू घेत होते, म्हणाली. मला माहीत नव्हतं. आणि मला शांत झोप लागत होती, तेही सांगते.

पाद्री फार गोड बोलले म्हणे. तुम्ही आता आराम करा, सभेत दुसरं कुणी बोलेल. चौघीजणींनी मिठी मारली. त्यानंतर तिच्या दारात एकही गाडी थांबलेली मी पाहिली नाही.

टॉनिक कुणी दिलं असं विचारल्यावर म्हणाली, फ्रॉम अ फ्रेंड. त्यावरून तरी... जाऊ दे. मी दोनदा दार वाजवलं. उघडलं नाही.

९ ऑक्टो., गुरुवार

शाळेच्या हॉलमध्ये सभा. वँ. आली, सगळ्यात मागे बसली. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या. मी उठून तिथे जायला हवं होतं. ह्यांची बायको म्हणून पुढे बसवलं होतं, तिथेच खिळून बसले. लाज वाटते.

पाद्री बोलले, टाळ्या. मग हे. शांतपणे बोलले, नाव कुणाचं घेतलं नाही. "ही पोरं दारूने मरतात, तशी त्या रस्त्यानेही मरतात. रस्ता आपण त्यांना दिलाय." मी मागे वळून पाहिलं. वँ. हात मांडीवर ठेवून ह्यांच्याकडे एकटक बघत होती.

१४ ऑक्टो., मंगळवार

मतदान झालं. काउंटी ड्रायच राहिली. चर्चची घंटा बराच वेळ वाजत होती.

ह्यांनी कोणत्या बाजूने मत दिलं ते जगजाहीर. मी काय केलं ते मी इथेही लिहिणार नाही.

१८ ऑक्टो., शनिवार

वँ. आली. मागच्या दाराने. मी पोळपाट-लाटणं तसंच टाकून धावले.

किती उतरलीय. डोळ्यांखाली काळं. पुन्हा झोप नाही. मला वाटलं, भांडायला आलीय. भांडली असती तर फार बरं झालं असतं.

बसली. म्हणाली, मागचं मतदान झालं तेव्हा घरोघर मीच फिरले होते. पाद्री नवीन होते, त्यांना घरं मी दाखवली. थोडक्यात जिंकलो. केक केला होता मी. आणि पुढच्याच वर्षी डेल...

टेबलावर बोटाने रेघ ओढत म्हणाली, "दुकान इथे मेन स्ट्रीटवर असतं तर तो चालत गेला असता ना? चालतच परत आला असता."

मी तिचा हात धरून बसले. "डॉक्टरांना विचारू का?" मी म्हटलं. नको, म्हणाली. मीच विचारते. त्यांनी इतकी पोरं पाहिलीत, त्यांना ठाऊक असेल. उद्या चर्च सुटलं की येते.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तोंडावर विचारलं तर खोटं कसं सांगू?"

मी म्हटलं, एकदा मी खरं सांगून पाहिलंय. तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, सांगू नकोस.

हे धड जेवले नाहीत. मलाही ठरवता येत नाही, ह्यांनी काय सांगावं असं मला वाटतं. एकदा वाटतं, नाही म्हणावं, ठाम नाही म्हणावं, आणि तिला झोपू द्यावं. पण तिला डॉक्टरचं खोटं लगेच ओळखू येईल. डेलला हॉस्पिटलमध्ये आणलं तेव्हा तो वाचेल असं तिला ह्यांनीच सांगितलं होतं.

चर्च साडेबाराला सुटतं.