मुंग्यांच्या वाटेने पणतूचं बारसं

४ मार्च
नातवाला, सर्वेशला, जर्मनीत मुलगा झाला. पंधराला बारसं. नाव गुणाजीच. आमच्या ह्यांचं. माणूस गेला, नाव तरी वापरात राहील. नातसून अनुपमा म्हणते, नाव सरप्राइज आहे. असू दे. व्हिडिओ कॉल लावून बाळाच्या कानात मीच आधी सांगणार.

७ मार्च
कॉल परत गोठला. सर्वेशचं तोंड उघडं ते उघडंच. गंधालीला विचारलं. ही त्याची बहीण, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. म्हणाली, आजी, नेटवर ट्रॅफिक जाम होतो. आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही कम्प्युटरात खोट्या मुंग्या सोडतो. लवकर पोचणाऱ्या वाटेवर त्या वास ठेवतात, मग मेसेज त्या वासाने जातात.
ह्यासाठी एवढी फी. मला हे रोज ओट्यावर दिसतं.
पण कळलं. वाट मळवायची.

८ मार्च, पहाटे
सर्वेशला गुलाबवाले गुड मॉर्निंग पाठवले. भरपूर. उत्तर आलं, आजी, इथे मध्यरात्र आहे, झोपू दे गं.
म्हणजे पोचतायत. वास लागला.

११ मार्च
एका मुंगीने भागायचं नाही. मुलुंडच्या आमच्या भजनी मंडळात सगळ्यांना सर्वेशचा नंबर दिला. रविवारी बारशाला, चार वाजता, सगळ्यांनी त्याला व्हिडिओ कॉल लावत राहायचं, वाट गरम ठेवायची. मागून मी. शकु म्हणाली, अगं, मग तुला एंगेज नाही लागणार? शकुने दुसरीत शाळा सोडली. मी चौथी पास.

१४ मार्च
गंधाली म्हणाली, सगळ्या मुंग्या एकाच वाटेला लागल्या तर तीच तुंबते. म्हणून जुना वास उडावा लागतो, तेव्हा कुठे दुसरी वाट सापडते.
परीक्षा जवळ आली की पोरी काहीही बडबडतात. मंडळाला आठवण केली.

१५ मार्च, संध्याकाळ
ठेवणीतली नऊवारी नेसून बसले. एंगेज. परत एंगेज. गंधालीने तिच्या फोनवरून लावून बघितला, तोही एंगेज. म्हणाली, आजी, खरं सांग, नंबर कोणाकोणाला दिलास? मी पाणी प्यायला आत गेले.
एकीलाच लागला. शकुला. सर्वेशने घाईत न बघता फोन बाळाच्या कानाशी धरला, म्हणाला, बोल आजी. शकु गांगरली, हॅलो म्हणाली. मग अनुपमाने नाव सांगितलं. मिहिर.
हे सगळं शकुनेच वर येऊन सांगितलं. म्हणे, बाळ माझ्याकडे बघून हसलं. एवढंसं पोर हसत नाही, पोटात वायू धरतो.
नाक ह्यांच्यावर गेलंय का, ते तिलाच विचारावं लागलं. म्हणाली, लक्ष नव्हतं गं.